स्मरणपत्र क्रमांक तीन

काका, तुम्ही मला 'गुड' दिलंत.

एका रकान्यात नाही, सगळ्यांत. नेतृत्व, गुड. चिकाटी, गुड. लोकांना बरोबर घेऊन जाण्याची हातोटी, गुड. आठ प्रश्न आणि आठही ठिकाणी त्याच चौकोनात खूण. त्याच्या वर अजून तीन चौकोन होते, काका. 'व्हेरी गुड', 'आउटस्टँडिंग', आणि अगदी वर 'आजवर पाहिलेल्या माणसांत सर्वोत्तम'. खाली एकच होता, 'साधारण'. देशोदेशीच्या पोरापोरींच्या अर्जांच्या ढिगात माझ्या नावापुढे खालून दुसरा चौकोन, आणि तो भरणारे तुम्ही.

हे मला कळलं परवा, तुमच्या तेराव्याला. जेवणं उरकली, माणसं पांगली, मी निघणार तेवढ्यात काकू आत गेल्या आणि कपाटातून एक फाइल घेऊन आल्या. वर तुमच्या अक्षरात माझं नाव आणि त्याखाली 'गोपनीय'. "तुला द्यायची म्हणून ठेवली होती त्यांनी," काकू म्हणाल्या, "पण कधी द्यायची ते बोलले नाहीत. आता मीच देते." गिरगावातल्या तुमच्या फणसवाडीतून बाहेर पडले, बसस्टॉपवर बसले आणि पहिला कागद उघडला. माझ्या शिफारशीच्या फॉर्मची ऑफिस कॉपी. वाचली आणि फाइल मिटली. माझ्या दोन बसेस माझ्यासमोरून गेल्या. तुमच्या सबंध आजारपणात, स्मशानात, दहाव्याला, मी खूप रडले होते. तिथे रडू आलं नाही. राग आला. तुमच्या फोटोला हार घालून आले होते आणि अर्ध्या तासात तुमच्याशी भांडायला उठले होते.

तर आज मला तक्रार करायची आहे. तुम्हीच सांगायचात, तक्रार करायची तर घटनाक्रमाने करावी, म्हणजे वाचणाऱ्याला पळवाट राहत नाही. तुम्हाला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी ऐका.

मी बावीस वर्षांची होते. नायगावच्या आमच्या चाळीत सावंतमावशींचे यजमान वारले. ते तुमच्या कचेरीत शिपाई होते आणि तुम्ही त्यांचे हेडक्लार्क. चाळ पाडून टॉवर होणार हे तेव्हा नक्की झालं होतं, आणि खोली ज्याच्या नावावर त्यालाच नवं घर. मावशींची खोली अजून नवऱ्याच्याच नावावर. त्यांचा अर्ज मी लिहिला होता, चांगली दोन पानं, वाचताना माझेच डोळे भरून यायचे. तुम्ही भेटायला आलात. पांढरा बुशशर्ट, काखेत छत्री. अर्ज उभ्याउभ्या वाचलात आणि मला परत दिलात.

"हे रडगाणं झालं. अर्ज कुठे आहे?"

मी म्हटलं, "मग तुम्हीच लिहा." मावशींनी डोळे मोठे केले. तुम्ही खाटेच्या कडेवर बसलात आणि नऊ ओळींत अर्ज लिहिलात. त्यात एकही विशेषण नव्हतं. "विशेषण आलं की वाचणारा सावध होतो," तुम्ही म्हणालात. "दाखला जोड. माणूस आपोआप दिसतो." खोली मावशींच्या नावावर झाली. पुढच्या शनिवारी कुणी बोलावलं नसताना तुम्ही परत आलात आणि मला विचारलंत, "अजून कोणाचं अडलंय?"

अडलेलं सगळ्यांचंच होतं. कुणाचा बाप गेलेला आणि चार भाऊ चार दिशांना, कुणाच्या भाडेपावत्यांवर आडनाव वेगळं, कुणाकडे पावत्याच नाहीत. मंडळाच्या खोलीत कॅरम बाजूला सारून आपण टेबल मांडलं. सात वर्षं, दर शनिवारी, गिरगावातून बसने नायगाव. तुम्ही या चारपायी टेबलासाठी आवक-जावक वही घातलीत तेव्हा आम्ही पोटभर हसलो होतो. प्रत्येक कागदाला नंबर, प्रत्येक कागदाची ऑफिस कॉपी, मग कागद हातातून सोडायचा. आणि उत्तर आलं नाही की मी चिडायचे, तुम्ही थर्मासमधला चहा ओतत म्हणायचात, "उत्तर नाही म्हणजे नकार नव्हे. स्मरणपत्र पाठव. पहिलं कोणी वाचत नाही, दुसरं बाजूला ठेवतात. तिसऱ्याला कोणीतरी खुर्चीत हलतंच."

हलायचे, काका. खरोखरच हलायचे.

मधल्या काळात आमची चाळ पाडली. ज्या दिवशी पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी शनिवार नव्हता तरी तुम्ही आलात आणि माझ्या शेजारी नुसते उभे राहिलात. टेबल समोरच्या इमारतीच्या मंडळात हलवलं. तुम्ही म्हणालात, नवा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर घाल. मी घातला. त्या दिवसाचं माझ्याजवळ एवढंच आहे.

आता गोपनीय अहवालांची गोष्ट. ती तुम्ही मला सांगितली होती, हे मी लपवत नाही. कचेरीत दर वर्षी हाताखालच्या माणसांचा अहवाल लिहायचा, त्यात शेरा द्यायचा, आणि तुम्ही उभ्या नोकरीत कुणाला 'अत्युत्कृष्ट' लिहिलं नाहीत. "तसं लिहिलं तर कारणं वेगळ्या कागदावर जोडावी लागतात. आणि कारणं वाचून साहेब विचारतो, मानकर, हा तुमचा कोण लागतो?" म्हणून तुम्ही 'चांगला' लिहायचात, तेही क्वचित. सावंतमावशी तेव्हा मध्येच म्हणाल्या होत्या, "साहेबांनी 'चांगला' दिल्यानी की माणसा पेढे वाटीत." आम्ही हसलो. तुम्हीही मिश्यांत हसलात. मी ते ऐकलं, विसरले, आणि तरी शिफारशीच्या फॉर्मची लिंक तुम्हालाच पाठवली. माझ्या तक्रारीत हा एक कच्चा दुवा आहे.

फेलोशिपची जाहिरात मला ऑफिसातल्या एका मुलीने दाखवली. मी सोमवार ते शुक्रवार लोअर परळला काचेच्या इमारतीत दुसऱ्यांचे फॉर्म तपासते, ते तुम्हाला कधी फारसं आवडलं नाही. आपल्या वस्तीत काम करणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी दहा महिने परदेशात, शिकणं, राहणं, तिकीट सगळं त्यांच्याकडून. अट एकच, तिशी ओलांडलेली नको. मला ते शेवटचं वर्ष होतं. फॉर्मवर मी लिहिलं की बाकीच्या शहरांत जुन्या वस्त्या हलवताना माणसं कशी सांभाळतात ते मला शिकायचं आहे. ते खोटं नव्हतं. पण तुम्हाला आज सांगते, मला नुसतं जायचंही होतं. कुणाच्या भाडेपावत्या नसलेल्या एखाद्या गावात सकाळी उठायचं होतं. त्यासाठी पासपोर्ट काढला, तुम्ही त्याचा फॉर्म दोनदा तपासलात आणि वडिलांच्या नावातली चूक काढलीत.

अर्जासोबतच्या निबंधावरून आपलं पहिलं वाजलं. मी लिहिलं होतं की आमच्या टेबलाने शेकडो आयुष्यं बदलली. तुम्ही पेन्सिलीने त्याखाली रेघ मारलीत.

"आयुष्य कोणाचं बदललं? खोली नावावर झाली. तेवढं लिही."

"काका, तिथे असं लिहावं लागतं. बाकीचे काय काय लिहितात तुम्हाला माहीत नाही."

"मग बाकीच्यांना पाठवू देत."

मी रेघ खोडरबराने खोडली आणि वाक्य तसंच ठेवलं. "अर्ज तुझा आहे," एवढंच म्हणालात. तो वाद आपण कधी संपवला नाही. आज मला वाटतं तुमचं बरोबर होतं, उद्या कदाचित वाटणार नाही.

दोन शिफारसी लागत होत्या. एक आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी दिली, माझ्याबद्दल असं काय काय लिहिलं की मलाच मी भेटावीशी वाटले. दुसरीसाठी सगळे म्हणत होते एखादा मोठा माणूस पकड, नावाजलेला प्राध्यापक, एखादा नेता. मी म्हटलं, मला सात वर्षं शनिवारी पाहिलेला एकच माणूस आहे. तुम्ही नको म्हणत होतात. "माझं इंग्रजी कचेरीचं. त्यांना कळणार नाही." मी हट्ट धरला. तुम्हाला मी हट्ट करताना बघायला आवडायचं, हे मला माहीत होतं.

त्या रविवारी सकाळी मी फणसवाडीत आले. लॅपटॉप उघडून दिला, लिंक उघडून दिली, आणि तुम्ही म्हणालात, "आता बाहेर जा." मी म्हटलं, "काका, निदान बटन कुठे दाबायचं ते तरी." तुम्ही म्हणालात, "गोपनीय म्हणजे गोपनीय." आणि खोलीचं दार लोटून घेतलंत. काकूंनी मला कोबी-कोळंबीची भानोळी वाढली. आतून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत होता, मध्ये लांबलचक शांतता, मग पुन्हा टक, टक. काकू म्हणाल्या, "कालपासून कच्चा मसुदा चाललाय. मला जवळ येऊ देत नाहीत." दीड तासाने तुम्ही बाहेर आलात. चष्मा हातात, कपाळावर घाम. "पाठवलं," म्हणालात. मी वाकून नमस्कार केला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

तुम्ही तेव्हा खूश होतात, काका. हेच मला परवा बसस्टॉपवर पचत नव्हतं. मला खड्ड्यात घालून आलेला माणूस इतका खूश कसा?

उत्तर आलं ते मुलाखतीला न बोलावल्याचं. मी अभिप्राय मागवला, तर एका ओळीचा आला, की एका शिफारशीत पुरेसा पाठिंबा दिसला नाही. मॅडमचं पत्र मी वाचलं होतं. राहिले तुम्ही.

पुढचा शनिवार. टेबलाशी सहा-सात माणसं, मावशी पण होत्या. मी वाट बघायला हवी होती. सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"जे खरं ते."

"खरं म्हणजे काय?"

"ते गोपनीय आहे."

मग मी ते बोलले. मला एकेक शब्द आठवतो आणि तुम्हाला आठवत नसेल अशी आशा करायला आता काही अर्थ नाही. मी म्हटलं, "तुम्हाला मी इथेच हवी होते. तुमचं टेबल चालवायला. मी गेले असते तर शनिवारी कुठे आला असतात तुम्ही?"

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. हातातला कागद अर्धा झाला होता, एका म्हाताऱ्यांचा वारसाचा अर्ज, तो माझ्यापुढे सरकवलात. "हा पुरा कर," म्हणालात. छत्री घेतलीत आणि गेलात. तुमचा थर्मास टेबलावर राहिला. मी तो पाठवला नाही, घेऊनही आले नाही. तिथेच ठेवला.

पाच शनिवार तुम्ही आला नाहीत. मी म्हणायचे, रुसू देत. मावशी म्हणायच्या, "साहेब रुसलेले नाय गो. तेंचा कायतरी चललाहा." सहाव्या शनिवारी आलात. बारीक झाला होतात. "काय अडलंय?" विचारलंत, जसं काही झालंच नव्हतं. मीही काही झालं नाही असं दाखवलं. आपण दोघं फार सभ्य वागलो. तुम्ही मला 'नायगावच्या वकिलीणबाई' म्हणणं बंद केलंत आणि मी तुमच्या थर्मासमधला चहा न विचारता ओतून घेणं. असे काही महिने. त्यात माझा तिसावा वाढदिवस येऊन गेला. तुम्ही नवं पेन दिलंत. मी थँक्यू म्हटलं. आपल्यात थँक्यू म्हणायची पद्धत नव्हती.

मग तुमचा खोकला, मग ते रिपोर्ट, मग परळचं हॉस्पिटल. मी दुपारी ऑफिसमधून यायचे. एकदा काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुम्ही नळीतून श्वास घेत होतात, डोळे उघडलेत आणि म्हणालात, "शलाका, तो फॉर्म..."

मी म्हटलं, "राहू दे काका. आराम करा."

तुम्ही पुन्हा म्हणालात, "नाही, मी त्यांना..."

मी तुमच्या हातावर थोपटलं. "मला राग नाही. झोपा तुम्ही." खरं तर राग होता, आणि तुम्ही माफी मागाल याची भीती होती, कारण मग मला माफ करावं लागलं असतं. मला वाटलं मी मोठेपणा दाखवते आहे. तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर शुद्धीत बोलणं झालं नाही. काका, सात वर्षं मी लोकांना सांगत आले, समोरचा बोलतोय तोवर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. तुम्हीच शिकवलेलं. आणि तुमचंच वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

घटनाक्रम इथपर्यंत. परवा फाइलचा पहिला कागद बघून मला वाटलं, माझं म्हणणं सिद्ध झालं. फाइल घरी नेऊन कपाटाच्या माथ्यावर टाकली.

मग शनिवार आला. टेबल लावलं. तुमच्या खुर्चीवर कुणी बसेना, म्हणून ती मी भिंतीला लावली. गर्दी ओसरल्यावर मावशींना सांगितलं, साहेबांनी मला 'गुड' दिलं होतं, खालून दुसरं. वाटलं होतं त्या माझी बाजू घेतील. त्यांनी विचारलं, "आणि फुडले कागद?"

"नाही बघितले."

"फाइल अर्धी वाचून कोण बंद करता गो? ह्याच शिकवल्यानी तुका साहेबांनी?"

घरी येऊन फाइल खाली काढली.

दुसरा कागद तुमचा मराठी मसुदा. शिफारसपत्राचा. 'सदर मुलीस मी सात वर्षे ओळखतो. तिचे काम समाधानकारक आहे.' समाधानकारक. उणिवा विचारल्या होत्या, तिथे 'राग लवकर येतो. मोठ्यांच्या बोलण्यात बोलते.' बाकीचे लोक तिथे काय लिहितात माहीत आहे, काका? फार मेहनत करते, स्वतःची काळजी घेत नाही, असलं. शेवटचा प्रश्न, अर्जदार परत आपल्या वस्तीत येईल असे वाटते का. तुम्ही लिहिलंत, 'होय.' त्याखाली दोन वाक्यं पट्टी लावून खोडलेली. पहिलं वाचता येतं, 'ती गेल्यास येथील काम अडेल.' दुसरं तुम्ही दोनदा खोडलंय. कागद खिडकीशी धरला तेव्हा दिसलं. 'मलाही करमणार नाही.'

म्हणजे मी टेबलाशी बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त ते तुम्ही माझ्या आधी स्वतःला सांगून, पट्टी लावून खोडून टाकलं होतं. मी सगळ्यांसमोर ते पुन्हा लिहून काढलं.

मग तिसरा कागद. तो वाचून मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तू भांडलीस ना, त्या दिवशी आले ते थेट वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेच्या बाईंकडे गेले. त्या परदेशी जाणाऱ्या मुलांचे फॉर्म बघतात. त्या म्हणाल्या, अहो, बाहेरच्या फॉर्मवर 'गुड' म्हणजे नको म्हटल्यासारखंच. खाली आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लिहीत बसले." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? काकू म्हणाल्या, "म्हणाले, आधी दुरुस्त करतो, मग सांगतो."

तिसऱ्या कागदाचं नाव 'शुद्धिपत्रक'. त्या परदेशी कार्यालयाच्या नावे. खाली मराठी मसुदा, वर इंग्रजी पक्की प्रत. 'निम्नस्वाक्षरीकाराने दिलेल्या अभिप्रायात, आपल्या कार्यालयाच्या पद्धतीची माहिती नसल्यामुळे, चूक झाली आहे. तरी अनुक्रमांक एक ते आठ येथे गुड याऐवजी आउटस्टँडिंग असे वाचावे. कारणे स्वतंत्र कागदावर जोडली आहेत.'

तुम्ही लिहिलंत, काका. उभ्या नोकरीत जे कुणाला लिहिलं नाहीत ते. तेही जिने सहा-सात माणसांसमोर तुमची अब्रू काढली, तिच्यासाठी, त्याच आठवड्यात.

कारणांची पाच पानं आहेत. शनिवारवार. 'भाडेपावत्यांचे गाठोडे भिजले असता तिने एकेक पावती इस्त्रीने वाळवली, तीन दिवस.' मी विसरले होते. 'ज्यांनी तिला शिवीगाळ केली त्यांचा अर्ज तिने त्याच दिवशी पुरा केला.' 'चाळ पाडली त्या दिवशी ती रडली नाही. वहीत नवा पत्ता घातला.' तुम्ही म्हणालात म्हणून घातला होता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पाच पानांत एकही विशेषण नाही. नुसती मी आहे, आणि इतकी मी मला कुणी कधी दाखवली नव्हती. शेवटचं कारण असं, 'निम्नस्वाक्षरीकाराची चूक तिने सर्वांसमक्ष दाखवली. ती चूकच होती.'

ते वाचून मी जमिनीवर बसले. आई स्वयंपाकघरातून आली, तिने दिवा लावला.

तुम्ही हे ईमेलने का नाही पाठवलंत, हा प्रश्न मला पडलाच. त्याचंही उत्तर फाइलमध्ये आहे. त्या कार्यालयाच्या ईमेलची छापील प्रत आहे, खाली नेहमीची ओळ असते ना, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. कुणी वाचतही नाही ती ओळ. तुम्ही तिच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि समासात लिहिलं आहे, 'टपालाने.' तुम्हाला कुणीतरी उत्तर देऊ नका म्हणून कळवलं, म्हणून तुम्ही दिलं नाहीत. मला विचारलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मी तेव्हा तुमच्याशी सभ्यपणे वागत होते.

त्याखाली पोस्टाच्या पावत्या, टाचणीने लावलेल्या. शुद्धिपत्रकाची एक. मग 'स्मरणपत्र क्रमांक एक', त्याची पावती. मग 'स्मरणपत्र क्रमांक दोन'. ते तुम्ही हॉस्पिटलात भरती व्हायच्या चार दिवस आधी टाकलंत. खोकत. काकू म्हणतात टॅक्सी नको म्हणाले, चालत गेले. उत्तर कशालाच नाही. त्या कार्यालयात कागद घेणारं कुणी असेल की नाही, याचीही मला शंका आहे. कदाचित तुमचे तिन्ही लिफाफे कुठल्यातरी दाराच्या आत तसेच पडले असतील.

हॉस्पिटलात तुम्ही माफी मागणार नव्हतात. 'मी त्यांना' म्हणालात, म्हणजे मी त्यांना कळवलं आहे. तुम्ही मला प्रकरणाची सद्यस्थिती सांगत होतात. आणि मी थोपटत होते.

माझी तिशी उलटली. पासपोर्ट कोरा आहे, कपाटात, आईच्या लग्नाच्या साडीखाली. फेलोशिप आता मला कुठलंही शुद्धिपत्रक मिळवून देणार नाही, आणि तिचं मला वाईट वाटत नाही असं म्हटलं तर तुम्ही त्याखाली रेघ माराल. वाटतं. संध्याकाळी लोअर परळच्या पुलावर उभी राहते तेव्हा फार वाटतं. पण त्याहून एक गोष्ट जास्त सलते. तुम्ही गेलात ते एक चुकीचा कागद जगात सोडून. ज्या माणसाने सात वर्षं आम्हाला एकही कागद चुकीचा जाऊ दिला नाही, त्याच्या सहीचा. तुम्हाला तिकडे चैन पडत नसेल.

म्हणून आज ऑफिसात रजा टाकून सकाळी बसले. तुम्ही दिलेलं पेन पहिल्यांदाच काढलं. 'विषय: अभिप्रायातील दुरुस्तीबाबत. संदर्भ: यापूर्वीची तीन पत्रे.' खाली लिहिलं की सदर अर्जदाराची वयोमर्यादा संपली असून तिची कोणतीही मागणी नाही, तथापि श्री. मानकर यांनी कळवलेल्या दुरुस्तीची आपल्या दप्तरी नोंद घ्यावी आणि तसे कळवावे. बरोबर तुमच्या पाच पानांची प्रत जोडली. नऊ ओळी झाल्या. विशेषण एकही नाही, दोनदा तपासलं. जावक वहीत नंबर घातला. ऑफिस कॉपी तुमच्या फाइलमध्ये लावली, सगळ्यात वर.

नायगावहून टाकता आलं असतं. बसने गिरगावात गेले, तुम्ही ज्या पोस्टात जायचात तिथे. खिडकीतल्या बाईंनी लिफाफा उलटसुलट केला आणि विचारलं, "पाठवणाऱ्याचं नाव?" मी तुमचं सांगितलं, पत्ता फणसवाडीचा. नावाआधी 'कै.' लिहायला हवं होतं, नियमाने. ते मी लिहिलं नाही. माझ्या उणिवांच्या रकान्यात जागा शिल्लक असेल, तर ही तिथे लिहून घ्या.